‘युकिगुनी’चं साल कोणतं, गाव कोणतं?

[दृश्य: बोगद्याचं तोंड, रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फ]

जपानी लेखक यासुनारी कावाबाता यांची कादंबरी ‘युकिगुनी’, म्हणजे हिमप्रदेश, प्रसिद्ध कधी झाली? कुठे 1937 सापडतं, कुठे 1948. दोन्ही सालं बरोबर आहेत, पण त्या सालांची पुस्तकं एकसारखी नाहीत.

ही कादंबरी सलग लिहिलेली नाही. पहिले दोन भाग 1935 च्या जानेवारी अंकांत आले, एक ‘बुंगेई शुंजू’त, दुसरा ‘काइझो’त. पुढचे भाग वेगवेगळ्या मासिकांत विखुरले. जून 1937 मध्ये सोगेन्शा या प्रकाशनाने ते एकत्र करून पुस्तक काढलं. रेशमाच्या कोशांच्या गोदामाला लागलेली आग आणि तिच्यावर पसरलेली आकाशगंगा, हा आज आपण वाचतो तो शेवट त्यात नाही. तो भाग 1940 पासून 1947 पर्यंत पुन्हा पुन्हा लिहिला गेला आणि डिसेंबर 1948 च्या आवृत्तीत आला. शेवटाची चर्चा करून खाली 1937 लिहिलं, की तिथेच चूक होते.

सुरुवातही बदलली आहे. आगगाडी बोगद्यातून हिमप्रदेशात येते, ते पहिलं वाक्य जगप्रसिद्ध आहे. मासिकात मात्र नायक शिमामुराच्या बोटांना आठवणारे ओले केस आधी येतात, बोगदा नंतर. पुस्तक करताना बोगदा वर आला आणि वाचक थेट त्या थंडीत उतरू लागला. कावाबातांची ही सर्वांत मोलाची दुरुस्ती.

[दृश्य: जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान]

जपानी पुस्तकात प्रकाशनाचा तपशील शेवटी असतो. छपाईची तारीख वेगळी, प्रकाशनाची वेगळी. आपल्याला प्रकाशनाची हवी. साल शोवा गणनेत, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं, असेल तर त्यात 1925 मिळवायचे. शोवा 12 म्हणजे 1937, शोवा 23 म्हणजे 1948.

आता गाव. कादंबरीत त्याचं नावच नाही. पण कावाबाता 1934 ते 1937 या काळात निइगाता प्रांतातल्या युझावाला येऊन ताकाहान या सरायीत राहत आणि लिहीत. कादंबरीतला, प्रांतांच्या सीमेवरचा बोगदा म्हणजे शिमिझु, लांबी 9,702 मीटर. तो 1 सप्टेंबर 1931 ला सुरू झाला, त्यामुळे गोष्टीतला हा प्रवास त्याआधीचा असूच शकत नाही. बोगद्यानंतर गाडी थांबते तो सिग्नलचा थांबा त्सुचितारूचा.

चित्रांत बोगद्यातून धूर सोडणारं इंजिन दाखवतात, तेही चुकीचं. एवढ्या लांब बोगद्यात धूर कोंडला असता, म्हणून बोगद्याच्या दोन बाजूंच्या मिनाकामी ते इशिउची या स्थानकांमधला टप्पा पहिल्या दिवसापासून विजेवर होता.

चित्रीकरणाला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. 1967 मध्ये शेजारी नवा बोगदा झाला आणि जुन्यातून फक्त तोक्योच्या दिशेच्या गाड्या जाऊ लागल्या. शिमामुरा आला त्या दिशेने जुन्या बोगद्यातून आता जाता येत नाही. त्सुचितारूहून मिनाकामीकडे जाणाऱ्या गाडीतून तो दिसतो, पण उलट दिशेने. तसं पडद्यावर लिहावं.