तारीख पडली

नमस्कार श्रोतेहो. आज घरातल्या मारहाणीबद्दल बोलायचंय, पण त्याहून जास्त बोलायचंय तारखेबद्दल. कोर्टाच्या तारखेबद्दल.

एक हकिकत सांगतो. घरची मंडळी म्हणतात, पुन्हा तीच? हो, पुन्हा तीच.

ब्राझीलमध्ये फोर्तालेझा नावाचं शहर आहे. तिथली मारिया दा पेन्हा. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, तीन मुलींची आई. १९८३ च्या मे महिन्यात ती झोपेत असताना नवऱ्याने तिच्या पाठीत गोळी घातली. पोलिसांना सांगितलं, चोर आले होते. बाई वाचली, पण पाय कायमचे गेले. काही महिन्यांनी हॉस्पिटलातून चाकाच्या खुर्चीत घरी आली. कुणाच्या घरी? त्याच्याच. मग एक दिवस आंघोळीच्या वेळी त्याने विजेच्या धक्क्याने मारायचा प्रयत्न केला. ओलं अंग आणि वीज, याबद्दल तुम्हाला काही सांगायला नको.

आता पुढचं नीट ऐका. ती घरातून उठली आणि निघाली, असं झालं नाही. आधी कोर्टाचा कागद मिळवावा लागला. का? तशीच निघाली असती तर 'हिने घर टाकलं' असा ठपका येऊन मुली हातच्या जायच्या! गोळी हिच्या पाठीत, आणि कागदही हिनेच जमवायचा.

मग तारखा सुरू झाल्या. १९९१ मध्ये नवऱ्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. अपील केलं, बाहेर. १९९६ मध्ये पुन्हा खटला, १० वर्षं ६ महिन्यांची शिक्षा. तरी बाहेरच. शेवटी १९९८ मध्ये प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे, म्हणजे अमेरिका खंडांतल्या देशांच्या सामाईक आयोगाकडे गेलं. आयोगाने २००१ मध्ये ब्राझीलच्या सरकारलाच जबाबदार धरलं. २००२ मध्ये तो आत गेला. पुन्हा सांगतो, गोळी १९८३ ची, तुरुंग २००२ चा. घर सोडताना लहान असलेल्या मुली एव्हाना मोठ्या झाल्या होत्या.

७ ऑगस्ट २००६ ला तिथे नवा कायदा झाला. लोक त्याला तिच्याच नावाने ओळखतात. संरक्षणाची मागणी हातात पडली की न्यायाधीशाने ४८ तासांत निर्णय द्यायचा. तास हं, वर्षं नव्हेत.

त्याच वर्षी, २६ ऑक्टोबरपासून, आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि तिथून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा 'प्रयत्न' करायचा. हा 'प्रयत्न' शब्द कायद्यात कुणी घातला, त्याला एकदा भेटायचंय मला. शिंपीसुद्धा प्रयत्न करतो म्हणतो, आणि ब्लाऊज लग्नानंतर मिळतं.

लोक म्हणतात, बाई तक्रार करते आणि मग मागे घेते. अहो, दोन तारखांच्या मधे ती राहते कुठे? बहुतेकदा त्याच छताखाली. तिथेच स्वयंपाक, तिथेच मुलांचा अभ्यास, आणि संध्याकाळी नातेवाइकांची बैठक, 'मिटवून टाक गं.' म्हणून या कायद्यात राहत्या घराचा हक्क आहे, घर कुणाच्या का नावावर असेना. म्हणूनच संरक्षण आदेशही आहे, म्हणजे तिला त्रास देऊ नकोस असा कोर्टाचा हुकूम. तो मोडला तर गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मार लागला असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्या. आणि डॉक्टरसाहेबांनो, अक्षर! तुमची चिठ्ठी औषधवाल्याला वाचता येते, न्यायाधीशाला नाही. टाइप करा ना. माझ्या गुडघ्याच्या चिठ्ठीवरून घरात अजून वाद चालू आहे, ते असो.

या कायद्याखाली बाईला मदत करायला सरकारने नेमलेला संरक्षण अधिकारी असतो. तो माहीत नसेल तर १८१ लावा, ही महिलांची हेल्पलाइन. आदेश निघाला की त्याची प्रत कोर्टाकडून फुकट मिळते. फुकट. मागून घ्या, एक पोलिस ठाण्यात गेली का ते विचारा, आणि एक झेरॉक्स शेजारच्या काकूंकडे ठेवा. पर्स तो हिसकावून घेईल, काकूंचं कपाट नाही.

वेळ संपली. नमस्कार.