तिसरी पिन

[दृश्य : कळव्यातल्या जुन्या इमारतीचा जिना, दुसरा मजला. मागून लोकलचा आवाज.]

हे माझ्या बहिणीचं घर. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर. हॉलमध्ये भिंतभर लाकडी शोकेस, त्यात 43 इंची टीव्ही आणि समोर दिवाण. दुपारी त्या दिवाणावर माझी आई झोपते. रात्री तिथेच माझी भाची वह्या पसरून बसते.

भाची एकोणीस वर्षांची. दोन वर्षं शिकवण्या घेऊन तिनं पैसे साठवले, कारण तिला स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडायचा होता. त्यावर गेम चालावेत, आणि तोच टीव्हीला लावून घरातल्यांना सिनेमे, नाटकं बघता यावीत. 2025च्या दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी वही ठेवून तिनं सुट्या भागांची यादी केली. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारा भाग. शेवटच्या ओळीत, "एसएमपीएस, कोणताही चालेल".

ही फिल्म मी त्या शेवटच्या ओळीमुळे करायला घेतली.

[दृश्य : जुन्या कॉम्प्युटरचं पत्र्याचं कॅबिनेट. एक बोट जवळ जातं आणि झटकन मागे येतं.]

या घरात आधीही एक कॉम्प्युटर होता. अनवाणी उभं राहून त्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. पावसाळ्यात जरा जास्तच. आई प्रत्येकाला बजावायची, "चप्पल घालून हात लावा रे." आम्ही वर्षानुवर्षं चप्पल घालत राहिलो. असं का होतं, हे कुणीच शोधलं नाही.

एसएमपीएस म्हणजे घरातल्या 230 व्होल्ट विजेतून कॉम्प्युटरला लागणारे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट काढून देणारा डबा. विजेतली खरखर आत-बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. त्यांतून जो किंचित प्रवाह पाझरतो, तो अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर पत्रा अधांतरी राहतो, फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, 115 व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा, म्हणून आपल्याला नुसत्या झिणझिण्या येतात. पण तोच पत्रा मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटाला, कार्डाला आणि चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलमधून टीव्हीलाही जोडलेला असतो. चालू टीव्हीला केबल लावताना पोर्ट जळण्याचं हे एक कारण. आणि कधी आतली फेजची वायरच सुटून पत्र्याला टेकली, तर चपलेच्या भरवशावर राहता येणार नाही.

म्हणून यादीतलं काहीही घेण्याआधी आम्ही वायरमनला बोलावलं. त्यानं व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक फेजमध्ये आणि दुसरं अर्थिंगच्या भोकात घातलं. तिथे जवळजवळ 230 दिसायला हवं होतं. काटा भलतीकडेच डुलत राहिला. त्यानं बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनेला मागे वायरच नव्हती.

"साहेब, ही पिन नुसती शोभेची आहे."

[दृश्य : तळमजल्यावरची मीटरची खोली. बाहेर मातीत सिमेंटचं चौकोनी झाकण.]

इमारतीचा अर्थिंगचा खड्डा मीटरच्या खोलीबाहेरच होता. अशा खड्ड्यात धातूची प्लेट किंवा पाइप पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात, आणि ओल टिकावी म्हणून वरून पाणी घालतात. या खड्ड्याला पाणी शेवटचं कधी मिळालं, हे सोसायटीत कुणालाच आठवेना. तो दुरुस्त झाला, हिरवी वायर दुसऱ्या मजल्यावर आली. भाचीच्या बजेटला याची झळ लागली नाही, खर्च माझ्या मेव्हण्यांनी केला. हे काम घरच्या घरी करण्यातलं नाही. ते वायरमनचंच.

मग एसएमपीएस. अंदाजे हिशोब असा : खेळताना प्रोसेसर, कार्ड, डिस्क, पंखे मिळून अडीचशे वॅटच्या आसपास. भाचीनं 550 वॅटचा घ्यायचं ठरवलं. अर्ध्या भाराच्या आसपास एसएमपीएस घेतलेल्या विजेतला सगळ्यात कमी वाटा वाया घालवतो, आणि त्याचा पंखाही हळू फिरतो. डब्यावरचं '80 प्लस ब्रॉन्झ' एवढंच सांगतं, की अर्ध्या भारावर घेतलेल्या विजेतली साधारण 85 टक्के पुढे पोचते, बाकीची उष्णता होते. शॉर्ट झाल्यावर, दाब वाढल्यावर तो वेळेत बंद पडेल की नाही, याबद्दल ते लेबल काहीच बोलत नाही. त्यासाठी उघडून केलेल्या चाचण्या वाचाव्या लागतात. तिनं तीन रात्री त्या वाचल्या. वहीत एसएमपीएस शेवटच्या ओळीवरून पहिल्या ओळीवर आला.

वीज गेल्यावर थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस घेतानाही एक चूक होता होता राहिली. त्यावर लिहिलेले 600 व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, हे 600 वॅट नव्हेत. अशा साध्या यूपीएसवर बहुधा 360 वॅटच चालतात.

[दृश्य : मोजपट्टी. शोकेसचा खालचा कप्पा.]

कॉम्प्युटर टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवायचा होता. आतली उंची 42 सेंटीमीटर. बरेच उभे कॅबिनेट त्यात मावत नाहीत. म्हणून छोटा, मायक्रो एटीएक्स या लहान मापाच्या मदरबोर्डचा, पुढून जाळीचा आणि धूळ अडवणारं फिल्टर असलेला कॅबिनेट निवडला. कप्प्याला मागे प्लाय होता, म्हणजे गरम हवा तिथेच कोंडणार. सुतारानं तो कापून काढला. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे ते.

कार्डाचा निर्णयही त्या कप्प्यानंच केला. आरटीएक्स 3060, 2021चं, 170 वॅट, मेमरी 12 जीबी. त्यानंतरचं 4060, 2023चं, 115 वॅट, मेमरी 8. आणि 2025चं 5060, 145 वॅट, मेमरी तेवढीच 8. बारा आकडा भाचीच्या मनात भरला होता, आणि जड गेममध्ये ती मेमरी खरंच कामाला येते. पण अशा कप्प्यात 55 वॅट जास्त म्हणजे जास्त उष्णता, पंखा जोरात, आणि समोर आजीची झोप. तिनं 4060 घेतलं. टीव्ही 4के आहे, म्हणजे जवळजवळ 83 लाख पिक्सेल. 1080पीचे 21 लाखही नाहीत. हे कार्ड 4केवर नवा गेम पूर्ण तपशिलात ओढणार नाही. ती 1080पीवर खेळते, 4केवर सिनेमे बघते. एवी1 पद्धतीनं आकसून लहान केलेले व्हिडिओ हे कार्ड स्वतःच उलगडतं, प्रोसेसरवर ताण येत नाही.

प्रोसेसर रायझन 5 7600. सहा कोअर, 65 वॅट. त्याच्या आतही लहानसं ग्राफिक्स असतं. कार्ड कधी वॉरंटीत गेलं, तर तेवढ्यावर घरातले सिनेमे चालू राहतील.

[दृश्य : ग्रँट रोड स्टेशन. लॅमिंग्टन रोडवरची गर्दी.]

कळव्याहून ठाणे, ठाण्याहून फास्ट लोकलनं दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. यादी दिवाळीतली, आम्ही गेलो मार्गशीर्षात. मधल्या काळात एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी, भडकली होती. वहीतला आकडा आणि दुकानातला आकडा यांची एकमेकांशी ओळखही राहिली नव्हती.

भाची दुकानाच्या पायरीवर बसून वहीत खोडत राहिली. एसएमपीएस हलका घेतला असता तर 32 जीबी जमत होती. तिनं एसएमपीएसला हात लावला नाही. 16 जीबीची एकच पट्टी घेतली. दोन पट्ट्यांनी वेग चांगला मिळतो, तो काही दिवस कमी मिळेल. पण आठ-आठच्या दोन घेऊन पुढे आणखी दोन घातल्या, तर डीडीआर5, म्हणजे या पिढीची रॅम, चार पट्ट्यांवर मंदावते. तशीच दुसरी पट्टी ती नंतर आणणार आहे. मी तिच्या जागी आठ-आठच्या दोन घेतल्या असत्या. चुकलो असतो.

प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल घेतलं, त्यावर सिरियल नंबर लिहून घेतले. वॉरंटीसाठी तेच कामी येतं.

[दृश्य : दिवाणावर वर्तमानपत्र, त्यावर सगळे भाग.]

जोडायला पाच तास लागले. या प्रोसेसरच्या एएम5 जोडणीत पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, 1718. तो खाली ठेवताना तिनं श्वास रोखून धरला होता. एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टात जात होती, ती काढून कार्डात लावली. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा.

एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं. ती काही बोलत नव्हती. मी स्विचकडे हात नेला, तिनं माझं मनगट धरलं. "मामा, थांब. मदरबोर्ड पहिल्यांदा रॅम जुळवून घेतो." थोड्या वेळानं मदरबोर्ड कंपनीचं चिन्ह पडद्यावर उमटलं.

त्या रात्री 100 जीबीचा गेम उतरत होता. घरच्या 100 एमबीपीएसच्या जोडणीवर त्याला सव्वादोन तास तरी लागणार. तोवर तिनं हार्ड डिस्क उघडली. माझ्या हँडीकॅमच्या मिनी डीव्ही टेपा त्यावर उतरवून ठेवल्या आहेत, तासाला 13 जीबी. तिनं 2006ची फाईल लावली. तिचं बारसं. पाळणा, बायकांचा घोळका, आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज : "आई, जरा सरक, बाळ दिसत नाहीये."

आई दिवाणावरून उठली आणि टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. अनवाणी, एक हात कॅबिनेटवर टेकवून. डाउनलोड 41 टक्क्यांवर होतं.