जागा मे महिन्यात बघा

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज मला घर हलवण्याबद्दल बोलायचंय, म्हणजे ठाण्यातलं किंवा नवी मुंबईतलं घर सोडून अख्खं कुटुंब घेऊन एखाद्या लहान गावात राहायला जाण्याबद्दल. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ओळखीतल्या पाच-सहा घरांनी मला फोन करून हेच विचारलंय, की तुम्ही गेलात ना शहापूरला, कसं आहे तिकडे, आम्ही पण यायचं म्हणतोय. फोनवर अर्धा-अर्धा तास बोलणं होतं आणि ठेवल्यावर लक्षात येतं की मुख्य तेच सांगायचं राहिलं. म्हणून आज नीट सांगते.

मुख्य म्हणजे काय, तर जागा बघायला मे महिन्यात जा. पावसाळ्यात अजिबात जाऊ नका, आणि गेलात तरी टोकन देऊन येऊ नका.

आम्ही नेमकं तेच केलं होतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये शहापूरजवळ माहुली गडाच्या पायथ्याशी फिरायला गेलो होतो, सगळीकडे हिरवंगार, भातखाचरात पाणी, डोंगरावरून ओहोळ उतरतायत, आणि माझा नवरा तिथेच चहाच्या टपरीवर उभा राहून म्हणाला की आपण इथेच राहूया. वर्तकनगरला आमचं घर म्हणजे दीड खोली, त्यात आम्ही दोघं, मुलगी, मुलगा आणि सासरे, मुलगी मोठी व्हायला लागलेली, तिला अभ्यासाला धड कोपरा नाही. ठाण्यात मोठं घर घ्यायचं तर ते आम्हाला जमणारं नव्हतं. शहापूरला त्याच भाड्यात टू बीएचके, समोर अंगण. 2023 च्या जूनमध्ये टेम्पो भरला आणि आलो.

पाण्याचं म्हणाल तर पहिले आठ-नऊ महिने खूप छान गेले, खोटं कशाला सांगू. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीची बोअर आटली. एक दिवस मोटर लावली तर नुसती हवा आली, दुसऱ्या दिवशी गढूळ पाणी बादलीभर, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. सोळा घरं सोसायटीत, सगळ्यांनी वर्गणी काढून टँकर मागवायचा, तो येईल तेव्हा येईल, रात्री अकराला पण येईल, आणि प्रत्येक घराला ठरलेलं माप.

बघा, हा तालुका कोणता आहे? भातसा धरण इथलं, तानसा धरण इथलं, तानसा तर 1892 सालचं आहे, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त झाली हे पाणी पाइपातून मुंबईला जातंय. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून जातं. ठाण्यात मी नळ सोडायचे तेव्हा त्यातलंही बरंच पाणी भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून उचललेलं असायचं, हे मला वर्तकनगरला असताना ठाऊकच नव्हतं. आणि इथल्या पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात. पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण खाली काळा कातळ, पाणी जिरतं कमी आणि वाहून जातं जास्त, त्यामुळे विहिरी-बोअर होळीनंतर खाली जायला लागतात. मला हे बघून फार वाईट वाटतं, आजही वाटतं, आणि मी हे मुद्दाम सांगतेय कारण इथे राहायला येणाऱ्या माणसाला हे माहीत असायला पाहिजे, की आपण ज्यांच्या शेजारी जातोय त्यांच्याकडे पाणी आधीच कमी आहे.

त्या एप्रिलमध्ये आम्हाला सावरलं ते मागच्या वाडीतल्या मावशींनी. त्यांच्या अंगणात विहीर, तळाला गेलेली, तरी पाणी होतं. मी दोन प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन गेले तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, मग त्यांनी घरातून एक जुनी ओढणी आणली, गोल गोल पिळून तिची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि कळशी अर्धीच भरून दिली. म्हणाल्या, "पयल्या दिवशी अर्धीच ने, मान धरंल." मी हट्टाने पूर्ण भरा म्हटलं तर ऐकलं नाही. पाच खेपा केल्या त्या दिवशी. अर्ध्या कळशीतलं पाणी पण चालताना हलतं, पाठीवर सांडतं, आणि पाय कुठे ठेवायचा हे डोळ्यांनी बघता येत नाही, पायानेच चाचपावं लागतं. ती चुंबळ अजून माझ्याकडे खिळ्याला टांगलेली आहे.

तर मे महिन्यात जा आणि घरमालकाला नका विचारू, शेजारच्या बाईला विचारा, की पाणी कुठून आणता, किती वाजता येतं, मागच्या वर्षी टँकर किती लागले. बाई खरं सांगते. सोसायटीची बोअर किती फूट खोल आहे, एकच आहे की दोन, साठवायची टाकी किती लिटरची, हे पण विचारा. आणि शक्यतो पहिलं वर्ष भाड्याने राहा, सगळे ऋतू बघा मग विकत घ्या. शेतजमीन घेऊन घर बांधू असं बरेच जण म्हणतात, त्यांनी लक्षात ठेवा, आपल्या राज्यात 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, आणि आदिवासी बांधवाची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय मिळत नाही, मिळूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर इकडे जागोजागी प्लॉटचे बोर्ड लागलेत. सातबारा स्वतः काढा, वकिलाला दाखवा, बोर्ड बघून पैसे देऊ नका.

आता प्रवासाचं. नवऱ्याची नोकरी ठाण्यातच आहे. आसनगावपर्यंत शेअर रिक्षा, तिथून लोकल, ठाणे सव्वा-दीड तास, हे कागदावर बरं दिसतं. पण टिटवाळ्यापर्यंत जेवढ्या गाड्या येतात तेवढ्या पुढे येत नाहीत, एक चुकली की पुढचीसाठी ताटकळत बसायचं. पहाटे साडेचारला आमच्या घरात लाइट लागते. रोज जाऊन-येऊन करणार असाल तर आधी पंधरा दिवस तसं करून बघा, कल्याणच्या पुढे पावसात गाड्या रखडतात ते पण धरून चला. माझं काम घरून आहे, नौपाड्यातल्या एका सीएंच्या फाइली करते, त्यामुळे माझं नेटवर भागतं, लाइट गेली की मोबाइलचं नेट, तेही गेलं की मावशींच्या गच्चीवर, तिथे रेंज येते.

शाळेचं सांगते, कारण आईबाप सगळ्यात जास्त तिथेच घाबरतात. मुलगी आठवीत जाणार होती. शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, त्यात आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा मुलांना हक्क आहे आणि जुन्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला म्हणून अशी नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही दाखल्यासाठी तीन आठवडे चकरा मारत बसलो, पोरगी घरी. तुम्ही बसू नका. पण खरा त्रास वेगळाच झाला. ती ठाण्यात इंग्लिश मीडियमला होती, इथे सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीतून. घरी आम्ही मराठीच बोलतो, तर आम्हाला वाटलं त्यात काय एवढं. भूगोलाच्या पहिल्या चाचणीत अक्षवृत्त आणि रेखावृत्त म्हणजे काय हेच तिला कळलं नाही आणि ती वर्गात रडली. मला घरी येऊन सांगितलं पण नाही, बाईंनी सांगितलं.

आणि मग लक्षात आलं की घर बदलायचं ठरवताना आम्ही सासऱ्यांना विचारलं होतं, मुलगा लहान म्हणून त्याला विचारायचा प्रश्न नव्हता, पण तिला आम्ही नुसतं सांगितलं होतं. तुला स्वतंत्र खोली मिळेल असं सांगितलं होतं. तुझी मैत्रीण सुटेल, शाळा सुटेल, तुला चालेल का, हे विचारलंच नाही. हे माझं चुकलं आणि मी तिला तसं म्हणाले, एका संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाले, तर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, आई, दर महिन्याला एकदा तरी मला ठाण्याला न्यायचं. नेतो. तिला खरी वाट दाखवली ती डोळखांबकडून एसटीने येणाऱ्या वर्गमैत्रिणीने. तिने मराठीतले शब्द समजावले, हिने तिला इंग्रजीतलं विज्ञान, दोघी मधल्या सुट्टीत पायरीवर बसून एकमेकींचं पुस्तक वाचायच्या.

सासऱ्यांना डायबेटिस, इन्सुलिन चालू आहे. ठाण्यात फ्रीजमध्ये ठेवलं की झालं, कधी विचार केला नव्हता. इथे पहिल्याच पावसाळ्यात वादळाने रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस लाइट नव्हती आणि माझी धावपळ उडाली. डॉक्टरांनी सांगितलं की वापरात असलेली कुपी घरातल्या थंड जागेत साधारण चार आठवडे चालते, न उघडलेली मात्र फ्रीजमध्येच लागते, आणि उन्हाळ्यासाठी मडक्याची युक्ती सांगितली. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये वाळू, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, आतल्या मडक्यात कोरड्या डब्यात औषध, वर ओलं फडकं. कुंभाराकडून दोन्ही मडकी आणली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. हात घातला की गारवा लगेच कळतो. पण तुमच्या घरी कोणी इन्सुलिनवर असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मग करा.

आणि एक, जमिनीवर गाद्या टाकून झोपायची सवय असेल तर इकडे आल्यावर खाट घ्या आणि मच्छरदाणी नीट आत खोचून झोपा. मण्यार, म्हणजे विषारी साप, रात्री घरात येते, चावलेलं कळत पण नाही. काही झालं तर मांत्रिक नको, पट्टी आवळणं नको, 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं.

सासऱ्यांचं अजून एक राहिलं. त्यांचा ठाण्यात रोज संध्याकाळी उपवन तलावाचा कट्टा ठरलेला, चार-पाच मित्र, वीस वर्षांची सवय. हो म्हणाले होते इथे यायला, पण आल्यावर दोन महिने माणूस गप्प. जेवायचे, पेपर वाचायचे, परत तोच पेपर वाचायचे. मला वाटलं तब्येत बिघडली. मग त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली आणि शेजारच्या काकांनी सांगितलं की आजोबा, तुम्हाला आता एसटी फुकट, 2022 पासून पंच्याहत्तरच्या पुढच्यांना राज्यात कुठेही. त्या दिवसापासून दर पंधरवड्याला बाबा आधार कार्ड खिशात टाकून सकाळच्या एसटीने ठाण्याला जातात.

गेल्या जूनमध्ये जाताना त्यांनी माझ्याकडून शेवळं मागून घेतली. शेवळं ही पावसाच्या सुरुवातीची रानभाजी, मावशींनी रानातून आणलेली, चार जुड्या, सोबत काकडं ही रानफळं पण, कारण भाजीत ती नाही घातली तर घसा खाजतो. ठाण्यात स्टेशनबाहेर आदिवासी बायका पाट्या घेऊन बसतात तेव्हा आम्ही हीच शेवळं विकत घ्यायचो. बाबांनी पिशवी मांडीवर धरून नेली, संध्याकाळी रिकामी घेऊन आले, पायरीवर बसून चपला काढता काढता मला म्हणाले, "सूनबाई, ते चौघं विचारतायत, दिवाळीनंतर दोन दिवस आले तर चालतील का?" मी म्हटलं, बाबा, त्यांना मे महिन्यात पण एकदा बोलवा.