पथ्य साऱ्या घरानं पाळायचं

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत, टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीकाठी स्टार काउंटी आहे. पलीकडे मेक्सिको. वस्ती जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची, घरात स्पॅनिश बोलणारी, बरीचशी गरीब. मधुमेह तिथे घरोघरी. एकूणच अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी टाइप टू मधुमेह होण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त मानतात. सगळे अमेरिकन धरले तर ती ४० टक्के आहे.

डॉक्टर सांगतात, वजन उतरवा. पाच-दहा टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारतो. ऐंशी किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. पण घरात टॉर्टिया म्हणजे मैद्याच्या पोळ्या, चरबीत परतलेला घेवडा आणि गोड सरबतं असताना आईनं एकटीनं काय वेगळं खायचं? आपल्यापुरता निराळा स्वयंपाक ती करत बसत नाही. उरलंसुरलं खाते आणि पथ्य तिथेच मोडतं.

म्हणून तिथल्या एका अभ्यासात २५६ रुग्ण घेतले, पण नुसते रुग्ण नाही घेतले. नवरा, बायको, बहीण, मुलगी, कुणीतरी सोबत आणायचं, असं ठरलं. शाळेत, चर्चमध्ये वर्ग भरले. शिकवणाऱ्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञ त्यांच्याच समाजातले, बोलणं स्पॅनिशमध्ये. नेहमीचेच पदार्थ कमी तेला-चरबीत कसे करायचे ते करून दाखवलं. पुढे महिनोन्‌महिने गटानं भेटी चालू राहिल्या. वर्षभरात मिळून ५२ तास. मला या भेटींचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. पहिले दोन-तीन आठवडे उत्साह कुणालाही असतो, खरी गरज त्यानंतर लागते.

२००२ साली निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनी या लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, वर्गासाठी प्रतीक्षेत ठेवलेल्या बाकीच्या रुग्णांपेक्षा १.४ टक्के-अंकांनी कमी होती. तरीही ती दहा टक्क्यांच्या वर, म्हणजे बरीच जास्तच होती, हेही सांगायला हवं. सोबतीनं औषधं आणि डॉक्टर यांची उणीव भरून निघत नाही.

आपल्यातही मधुमेह काही कमी नाही. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा घरात जे स्वयंपाक करतात त्यांना बरोबर न्या, आणि आहाराचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.