दिरहम २४ ला गेला आणि काकांचा फोन आला

मंडळी, परवा काकांचा फोन. पाऊस नाही, तब्येत नाही, डायरेक्ट "काय रे, दिरहम २४ च्या वर गेला म्हणे?" दिरहम म्हणजे इथलं, दुबई-शारजाचं चलन, एका दिरहमला २४ रुपये. झालं, मला कळलं आता पुढे काहीतरी येतंय.

मी चिपळूणकडचा, शारजात नऊ वर्षं झाली. पगार ४ हजार दिरहम. गावाला सगळे काय करतात, गुणिले २४, म्हणजे ९६ हजार, म्हणजे लाखच धर. बरोबरच आहे की गुणाकार! फक्त वजाबाकी कोणी करत नाही. बेडस्पेसचे, म्हणजे खोलीतल्या एका बेडच्या भाड्याचे ९००, जेवणाचे ६००, बस नि मोबाईल ३००, घरी १,५०० पाठवतो, उरले ७००, त्यातच आजारपण आणि त्यातच गणपतीचं तिकीट, जे ऐन सीझनला काय भावाने मिळतं ते विचारूच नका.

आणि दिरहम वर बिर काही गेलेला नाही हां. तो १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हलतच नाही. पडतो तो आपला रुपया. माझा पगार होता तेवढाच आहे, पण गावाला वाटतं पोराला इन्क्रिमेंट लागलं.

बरं काकांना हवेत दोन लाख, घराच्या स्लॅबला. आता इथे एक गंमत आहे, ही नीट ऐका, बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्या इन्कम टॅक्सच्या कायद्यात नातेवाईक कोण याची यादी आहे. काकाने पुतण्याला पैसे दिले तर टॅक्स नाही. पण पुतण्याने काकाला दिले तर पुतण्या त्या यादीत नाही! मग अशा यादीबाहेरच्या लोकांकडून वर्षाला मिळालेले पैसे ५० हजारांच्या वर गेले की वरचेच नाही, सगळेच्या सगळे काकांच्या उत्पन्नात धरतात. चुलतभाऊ, मामेभाऊ, त्यांचंही तेच. आईवडील, सख्खी भावंडं, बायको यांना पाठवा बिनधास्त. उसने म्हणून दिले तर गोष्ट वेगळी, पण आमच्याकडे उसने गेलेले परत आल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "दुबईला जाऊन कायदा शिकलास होय रे?"

खरं सांगू, चूक आमचीपण आहे. पहिल्या सुट्टीला मी वाडीभर अत्तराच्या बाटल्या वाटल्या, सगळ्यांचं हॉटेलचं बिल भरलं, बुर्ज खलिफासमोरचे फोटो टाकले. खोलीत सहा जण, बंक बेड, सकाळी बाथरूमला लाईन, याचा एक फोटो टाकला नाही कधी. आईलासुद्धा नाही दाखवला.

या वेळी काकांना व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेरा फिरवला खोलीभर. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वरच्या बेडवर झोपतोस? पंखा लागेल रे डोक्याला."

स्लॅबचं काही बोलले नाहीत. येताना टँगचा मोठा डबा आण म्हणाले.