अण्णांच्या वाटेने पाच किलोमीटर

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय ‘माझं प्रेरणास्थान’. आता प्रेरणास्थान म्हटलं की लोक एकदम घोडा, तलवार, सिंहगर्जना असं काहीतरी एक्स्पेक्ट करतात, आणि मी घेऊन आलोय गणिताचा एक लाजाळू मास्तर. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती सातारच्या गोष्टीतून. हा मुलगा कोकणातल्या मुरूडचा, दापोलीजवळचं मुरूड बरं का. सहावीच्या परीक्षेसाठी दोस्तांबरोबर पायी निघाला, पाठीला बोचकं, घाट चढून शंभर मैलांच्या वर चालत साताऱ्याला पोचला, आणि तिथल्या साहेबांनी याच्याकडे बघितलं नि म्हणाले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. झालं! आला तसा परत. मी बँकेच्या प्रमोशनच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटलो होतो तेव्हा हे वाचलं, आणि खरं सांगतो, मला काही स्फूर्तीबिर्ती आली नाही, मला हसू आलं, आठ दिवसांनी पहिल्यांदा. पुढे हाच मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बीए झाला, १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवलं.

१८९३ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, लग्नानंतर आनंदीबाई, घरात बाया. मुरूडला गेल्यावर गावाने वाळीत टाकलं. यावर अण्णांनी गावाला शिव्या घातल्या, भाषणं ठोकली असं काही नाही, त्यांना भाषण जमायचंच नाही! १८९६ला विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९००मध्ये तो हिंगण्याला माळावर एका झोपडीत नेला, आणि मग कॉलेज सुटलं की हिंगण्याला चालत, सकाळी परत कॉलेजला चालत. आज त्याच भागाला आपण कर्वेनगर म्हणतो आणि कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या त्यांच्या नावाने नाही पण कॉर्पोरेशनच्या नावाने बोटं मोडतो.

मी एकदा चाललो तेवढं. साधारण पाच किलोमीटर, फुटपाथ आहे, दिवे आहेत, मध्ये दोनदा चहा. तरी गुडघे बोलायला लागले. तेव्हा तर चिखल होता, अंधार होता, आणि हे रोज.

पण मंडळी, एखादा माणूस तीस वर्षं आपल्याबरोबर राहायचा असेल ना तर त्याची दुसरी बाजू पण वाचावी लागते. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ वाचलंत तर बायांचं ‘माझे पुराण’ पण वाचा, नाहीतर अर्धंच कळतं. आश्रमासाठी यांनी स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली, आणि संसार कोणी ओढायचा? बायांनी! मला अजूनही वाटतं अण्णा तिथे चुकले. शिवाय विधवाविवाहाचं मंडळ काढणारा हाच माणूस, आश्रम चालावा म्हणून पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमाबाहेर ठेवला, त्यावरून सुधारकांनीही बोल लावले. ते बरोबर होतं की तडजोड होती यावर आमच्या घरी अजून भांडण होतं, बायको म्हणते तडजोड, मी म्हणतो मुली शिकल्या ना.

गंमत म्हणजे हे सगळं कळल्यावर ते माझ्यासाठी छोटे नाही झाले, उलट जवळचे झाले. फोटोला हार घातलेल्या माणसाशी भांडता येत नाही, यांच्याशी मी भांडतो.

१९१६ला महिला विद्यापीठ, १९५८ला भारतरत्न, हे तुम्हाला पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. मला आवडतं ते १९३६ सालचं. वय ७८, विद्यापीठ उभं राहिलंय, आता खुर्चीत बसावं ना? तर यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं आणि पुन्हा दारोदार वर्गणी मागायला निघाले. परत चालतच.

मी रिटायर झालो त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या वॉचमनच्या मुलीला गणित शिकवायला घेतलं. ती अपूर्णांकात अडकलीये, मी तिच्या प्रश्नांत. आज सात वाजता येणारे, म्हणून मला जरा लवकर सोडा.