देवबाग: तिथी पाहून गाठायची पुळण

तारकर्ली मागे पडली की जमीन निमुळती होत जाते. उजवीकडे माडांच्या आडून समुद्राची गाज, डावीकडे कर्लीच्या खाडीचं संथ पाणी, आणि मधोमध एक रस्ता. त्याला लागून घरं, अंगणं, विहिरी. हे मालवणजवळचं देवबाग.

ही सगळी जमीन वाळूची आहे. नदीने आणलेली वाळू समुद्राच्या लाटा किनाऱ्याच्या कडेकडेने ओढत नेतात. अशी वाळू साठत साठत नदीच्या तोंडाशी तिचा लांब दांडा तयार झाला. त्यामुळे कर्ली थेट पश्चिमेला समुद्रात शिरत नाही. ती दक्षिणेला वळते आणि देवबागच्या टोकाशी, पलीकडच्या भोगवे गावासमोर, समुद्राला मिळते.

इथे यायचा दिवस ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि तिथी बघा. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. कोकणातला हा जुना हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो, पण दिवस आखायला पुरतो.

याचा उपयोग कुठे होतो? संगमाच्या आत, खाडीत, वाळूचं एक बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं गावात सांगतात, म्हणून नाव पडलं त्सुनामी आयलंड. पौर्णिमेला भर दुपारी होडीने तिथे गेलात, तर वाळू पाण्याखाली असते. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास ती लांबवर उघडी पडते. पंचमी ते दशमीच्या दरम्यान ओहोटी सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये येते. मुलंबाळं बरोबर असतील तर हेच दिवस धरा. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने वाळू थोडी कमी उघडते, पण पाण्याला ओढही कमी असते.

बेटाच्या कडेला मात्र जपून. प्रवाह जिथे वाळू कापत असतो, तिथे गुडघाभर पाणी दोन पावलांत छातीला लागतं. पायाखालची घट्ट, ओली वाळू भुसभुशीत होऊन सरकू लागली की तिथूनच मागे फिरायचं. आणि संगमात पोहायचं नाही, कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी. उधाणाच्या ओहोटीत खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं आणि समोरून लाटा येत असतात. होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा.

तारकर्लीच्या मोकळ्या पुळणीवर धोका वेगळा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तिथे पाणी आत ओढतंय असं समजा. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा. ओढ सुटली की मग वळा.

देवबागच्या समुद्राकडच्या बाजूला दगडी बंधारा दिसतो. घरं वाचवायला तो लागतोच, पण बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट पुढची वाळूही घेऊन जाते. म्हणून भरतीला तिथे चालायला पुळण उरत नाही आणि दगड शेवाळाने निसरडे असतात. जिथे बंधारा नाही तिथे वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल: जाड हिरवी पानं, जांभळी फुलं, वाळूवर दूरवर पसरलेल्या दोऱ्या. तिच्यावर गाडी घालू नका. एकदा चाकाखाली तुटली की पावसाळ्यातल्या उधाणाला ती वाळू मोकळी मिळते.

पाणीही बेताने वापरा. इथल्या विहिरींचं गोडं पाणी वाळूत, खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर येतं.

रेल्वेने कुडाळला उतरलात तर मालवण साधारण तीस किलोमीटर. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा ऑक्टोबर ते मे हाच काळ. पलीकडचा भोगवे किनारा रस्त्याने लांबचा वळसा घालून येतो, होडीने काही मिनिटांत. परतीची वेळ होडीवाल्याशी निघतानाच ठरवून घ्या, कारण पाणी उतरलं की खाडीतल्या उथळ जागी होडी वाळूला टेकते आणि पुढची भरती चढेपर्यंत हलत नाही.